गॅसची फोर्कलिफ्ट सकाळी उचलत नाही, उचलली तर मिसिंग करते: आधी बर्फ कुठे धरलाय ते बघा

"भाऊ, गाडी परत बसली."

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमधून जानेवारी महिन्यात आलेला हा तिसरा फोन. गाडी अडीच टनी, जुनी, जपानहून सेकंडहँड आलेली, एलपीजीवर चालणारी. तक्रार तिन्ही वेळा एकच. सकाळी सातला सेल्फ मारून मारून बॅटरी दमते. कशीबशी पकडली तर दहा-पंधरा मिनिटं चालते, मग पॅलेट उचलायला रेस दिली की घोगरते आणि बंद पडते. दुपारी बारानंतर तीच गाडी मुकाट्याने काम करते.

पहिल्या वेळी मी रेग्युलेटर खोलून साफ केला. दुसऱ्या वेळी त्यात नवं कीट टाकलं. दोन्ही वेळा गाडी 'दुरुस्त' झाली, कारण दोन्ही वेळा माझं काम आटपेपर्यंत ऊन वर आलं होतं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात तिसऱ्या फोनला शिरली. कीटचे पैसे मी नंतर बिलातून कमी केले, तो भाग वेगळा.

अशी तक्रार परत परत येणारी गाडी तुमच्याकडे असेल तर आधी पान्हा खाली ठेवा आणि गॅस कुठून कुठे जातो ते एकदा डोळ्यासमोर आणा. (पुढे गॅसच्या सिलिंडरला मी टाकी म्हणतो, इंजिनाच्या सिलिंडरशी गोंधळ नको.) घरातल्या शेगडीला टाकीतून वायू येतो. फोर्कलिफ्टच्या टाकीतून द्रव येतो. टाकी आडवी असते, आत एक नळी तळापर्यंत गेलेली असते, त्या नळीतून द्रव गॅस व्हॉल्व्ह, कपलिंग, होज, फिल्टर, लॉक-ऑफ (इंजिन बंद असताना गॅस अडवणारा व्हॉल्व्ह) असा येतो आणि रेग्युलेटरमध्ये पोचल्यावर उकळून त्याचा वायू होतो. हा रेग्युलेटर म्हणजेच व्हेपोरायझर. इंजिनाचं गरम पाणी त्याच्या पोटातून फिरतं, आणि गॅस उकळायला लागणारी उष्णता तिथून मिळते. एका लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो, त्यामुळे ही उष्णता थोडीथोडकी नसते. पुढे मिक्सर, तिथे हवा मिसळते, आणि मग इंजिन.

द्रवाचा दाब जिथे पडतो तिथे तो उकळतो, आणि उकळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. म्हणून तिथे दव धरतं, मग बर्फ. हा बर्फच मेकॅनिकचा साक्षीदार. टाकीच्या व्हॉल्व्हवर बर्फ दिसला तर अडथळा व्हॉल्व्हमध्ये. कपलिंगवर दिसला तर कपलिंग अर्धवट बसलंय किंवा गळतंय. फिल्टरवर दिसला तर फिल्टर तुंबलाय. रेग्युलेटरवर दिसला तर बहुतेक वेळा रेग्युलेटर निर्दोष असतो, त्याला पाणी मिळत नसतं. गाडी बंद पडल्यावर बर्फ वितळायच्या आत बघायचं, हात न लावता. वितळला की साक्षीदार गेला.

टाकीपासून सुरुवात

गाडी अजिबात पकडत नसेल तर सगळ्यात आधी टाकी. हसू नका. मी गेलेल्या निम्म्या ठिकाणी दोष इथेच सापडतो.

व्हॉल्व्ह एकदम फटकन उघडायची सवय फार जणांना असते. आत एक अतिप्रवाह रोखणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. होज फुटली तर गॅस थांबावा म्हणून तो दिलेला. फटकन उघडलं की त्याला वाटतं होजच फुटली, आणि तो 'टक्' करून बसतो. मग टाकी भरलेली, काटा बरोबर, आणि इंजिन उपाशी. उपाय: व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, थोडं थांबा, मग हळूहळू उघडा. हे एवढंच सांगून मी एकदा फोनवर गाडी चालू करून दिली आहे. त्याचे पैसे मागायला जीभ वळली नाही.

टाकीच्या कडीला एक भोक असतं आणि गाडीच्या पाळण्यात एक खुंटी. खुंटी त्या भोकात बसली तरच आतल्या नळीचं तोंड खाली राहतं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वर, वायूच्या जागेत. टाकी फिरवून बसवली तर भरलेली असेपर्यंत काही कळत नाही. अर्ध्याच्या खाली गेली की नळीचं तोंड द्रवाच्या वर येतं, आणि ऑपरेटर म्हणतो, "टाकीत अजून गॅस वाजतोय, पण गाडी ओढत नाही." खुंटी तुटली म्हणून लाकडाचा ठोकळा लावलेली गाडी मी पाहिली आहे. ती खुंटी आधी बसवा. सेफ्टी व्हॉल्व्ह द्रवात बुडलेला असणं ही वेगळीच मोठी भानगड आहे.

आणि टाकी कुठली लावली आहे ते बघा. आपल्याकडे कमर्शियल टाक्यांत वायू देणाऱ्या वेगळ्या आणि द्रव देणाऱ्या, म्हणजे एलओटी व्हॉल्व्हच्या, वेगळ्या. फोर्कलिफ्टला द्रव देणारीच लागते. हॉटेलची १९ किलोची उभी टाकी कुणीतरी ॲडॉप्टर लावून जोडली की गाडी आयडलला मजेत चालते, लोड घेतला की टाकीच्या बाहेरून घाम फुटतो, मग बर्फ, मग गाडी बसते. कारण आता सगळी उकळी टाकीतच फुटते आणि टाकीला उष्णता द्यायला काहीच नाही. शिवाय आपला एलपीजी म्हणजे शुद्ध प्रोपेन नव्हे, प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. वायू काढत राहिलं की हलकं प्रोपेन आधी निघून जातं, तळाला जड ब्यूटेन उरतं. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतं, ब्यूटेन शून्याच्या जरासं खाली. निफाडच्या पहाटेला त्या उरलेल्या ब्यूटेनला दाब म्हणून काही राहत नाही. घरगुती १४.२ किलोची टाकी लावणाऱ्याला मी काही सांगत नाही, तो गुन्हाच आहे, त्याची गाडी मी हातात घेत नाही.

कपलिंग हाताने पूर्ण आवळायचं. अर्धवट आवळलं तर आतला चेक व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. पकडीने आवळलं तर ओ-रिंग चिरते. ओ-रिंग काढून नखाने दाबून बघा. चपटी झाली असेल, बोटाला टणक लागत असेल तर बदला. मग साबणाचं पाणी. हे सगळं बाहेर, मोकळ्यावर. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, तो डॉकच्या खड्ड्यात आणि गटारात जाऊन बसतो, नाकाला कळेपर्यंत पायाशी साचलेला असतो. हातमोजे घाला. द्रव गॅस बोटांवर उडाला तर भाजल्यासारखाच फोड येतो.

पुढचा दरवाजा: लॉक-ऑफ

चावी लावून सेल्फ मारताना लॉक-ऑफवर बोट ठेवा. विजेवरचा असेल तर हलकासा 'टिक्' बोटाला लागतो. नाही लागला तर टेस्ट लॅम्प लावून करंट येतो का बघा. येत असेल तर कॉइल गेली. येत नसेल तर मागे जा: फ्यूज, रिले, आणि काही गाड्यांत ऑइल प्रेशरचा स्विच. या स्विचची खूण सांगतो. सेल्फ मारत असताना गाडी पकडते, चावी सोडली की लगेच बंद. कारण सेल्फ मारताना लॉक-ऑफला करंट दुसऱ्या वाटेने मिळतो आणि चावी सोडल्यावर तो या स्विचमधून यायला हवा. अशी गाडी दिसली की लोक रेग्युलेटर खोलतात. स्विचची पिन नुसती हलवून बघा.

व्हॅक्यूमवर उघडणारा लॉक-ऑफ असेल तर गोष्ट निराळी. त्याला इंजिनाची ओढ लागते. सेल्फ मारताना ॲक्सिलेटर दाबून धरला तर थ्रॉटल उघडा पडतो, ओढ जाते आणि लॉक-ऑफ उघडतच नाही. जुन्या पेट्रोल गाड्यांवर शिकलेले ऑपरेटर पाय दाबूनच सेल्फ मारतात. पाय काढायला सांगा. बॅटरी ढिली असेल, इंजिन हळू फिरत असेल तरीही ओढ कमी पडते, म्हणून गॅस कमी येतो असं वाटलं तरी आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थची केबल बघायची.

सेल्फच फिरत नसेल तर गॅसशी भांडू नका. पुढे-मागे करायचा दांडा न्यूट्रलला आहे का, काही गाड्यांत सीटचा स्विच लागला आहे का, हे बघून घ्या.

काही रेग्युलेटरना मध्ये एक प्रायमरचं, म्हणजे हाताने थोडा गॅस पुढे सोडायचं, बटण असतं. एकदा हलकं दाबून सेल्फ मारल्यावर गाडी पकडली तर तिथपर्यंत गॅस व्यवस्थित येतोय. दोष पुढे आहे, म्हणजे मिक्सरची ओढ रेग्युलेटरपर्यंत पोचत नाही: फाटका डायफ्राम (ओढीवर हलणारा रबरी पडदा), सुटलेली होज, किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून शिरणारी हवा. पण बटण धरून बसू नका. गॅसनेही इंजिन फ्लड होतं. तसं झालं तर ॲक्सिलेटर पूर्ण दाबून थोडा वेळ सेल्फ मारला की ती मोकळी होते. हो, वर मी पाय काढा म्हणालो आणि इथे दाबा म्हणतोय. फरक एवढाच की एअर फिल्टरच्या तोंडाशी नाक नेऊन बघायचं. गॅसचा वास येत असेल तर दाबा, येत नसेल तर काढा.

त्या सकाळी काय दिसलं

तिसऱ्या वेळी मी नाशिकहून पहाटेच निघालो आणि साडेसहाला तिथे हजर झालो. पॅकहाऊसच्या भिंतीवरचा थर्मामीटर ७ अंश दाखवत होता. ऑपरेटर मामा मफलर गुंडाळून गाडीशेजारी उभे.

"पाणी बघितलं का मामा?"

"फुल आहे भाऊ. रोज बघतो मी."

खरंच फुल होतं. रिझर्व्हची बाटली काठोकाठ. मी स्वतः मागच्या दोन्ही वेळा तीच बाटली बघून पुढे गेलो होतो.

गाडी चालू केली. पाचव्या सेल्फला पकडली, चाचपडत, एका सिलिंडरची लंगडी चाल. मी रेस न देता रेग्युलेटरला जाणाऱ्या पाण्याच्या दोन्ही नळ्या हातात धरून उभा राहिलो. पाच मिनिटांनी रेडिएटरची वरची होज कोमट. रेग्युलेटरच्या दोन्ही नळ्या मात्र विहिरीच्या पाण्यासारख्या गार. आठव्या मिनिटाला रेग्युलेटरच्या अंगावर किसलेल्या खोबऱ्यासारखा पांढरा थर चढायला लागला. मामांना रेस द्यायला सांगितली, गाडी घोगरली आणि बसली.

नळ्यांची परीक्षा सोपी आहे, हाताला समजते. दोन्ही गरम: पाणी फिरतंय, दोष दुसरीकडे. एक गरम आणि एक गार: रेग्युलेटरच्या पोटात कचरा किंवा क्षार अडकलेत. दोन्ही गार: पाणी पोचतच नाही, म्हणजे पाणी कमी, हवा अडकलेली किंवा पंप गेलेला. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे पाणी न सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल तर दोन्ही गरम होतात, पण फार सावकाश.

इंजिन तासभर गार होऊ दिलं. गरम असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही, हे मी मुद्दाम लिहितोय कारण त्याच आठवड्यात एका पोराचा हात भाजला होता. चहा झाला. कॅप उघडली, टॉर्च मारला. पाणी दिसेना. सव्वादोन लिटर पाणी आत गेलं तेव्हा कुठे ते काठाला आलं.

बाटली फुल आणि रेडिएटर रिकामा, हे कसं? कॅपच्या मधोमध एक चिमुकला व्हॉल्व्ह असतो. इंजिन तापलं की जास्तीचं पाणी कॅपमधून बाटलीत जातं, गार झालं की हाच व्हॉल्व्ह उघडून ते पाणी परत आत ओढलं जातं. या गाडीत त्याचा रबर फुगून चिकटला होता. पाणी बाहेर जायचं, परत यायचं नाही. बाटली भरली की वरच्या नळीतून जमिनीवर. पॅकहाऊसची फरशी तशीही दिवसभर ओली, कुणाच्या लक्षात येणार? आणि या गाडीत रेग्युलेटर इंजिनाच्या वरच्या अंगाला बसवलेला आहे. पाणी कमी झालं की सर्वांत आधी तोच कोरडा पडतो. इंजिनाला पुरेल एवढं पाणी खाली असतं, म्हणून तापमानाचा काटाही तक्रार करत नाही. दुपारी चालायची कारण तोवर बाहेर २८ अंश आणि इंजिनाच्या खोक्यातली हवा तापलेली. तेवढ्यावर रेग्युलेटर कसाबसा गॅस उकळवायचा.

नवी कॅप माझ्या कीटच्या दहाव्या हिश्श्यात आली.

नुसतं पाणी भरून भागत नाही. रेग्युलेटरच्या वरच्या नळीचा क्लॅम्प सैल करून पाणी सलग येईपर्यंत हवा काढावी लागते, मग क्लॅम्प आवळून कॅप न लावता इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवायचं आणि खाली गेलेली पातळी भरायची. नळी काढली तेव्हा आतून गंजाचा तांबडा गाळ आला. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलेलं. फ्लश केलं आणि कूलंट मिसळून भरलं. साधं पाणी असेल तर रेग्युलेटरच्या पोटात त्याचाच बर्फ होऊन वाट बंद होऊ शकते. बाहेर ७ अंश असले म्हणून काय झालं, आत उकळणारा गॅस शून्याच्या बराच खाली असतो.

एक सूचना मामांना दिली, ती तुम्हालाही. थंडीत चालू केल्यावर रेग्युलेटर कोमट लागेपर्यंत रेस द्यायची नाही, लोड घ्यायचा नाही. गार रेग्युलेटरमध्ये ब्यूटेन धड उकळत नाही, द्रवाचे थेंब तसेच मिक्सरपर्यंत जातात आणि इंजिन ओकल्यासारखं करतं.

रेग्युलेटर साफ करायचाच असेल तर तळाला ड्रेनचा स्क्रू असतो तिथून सुरुवात करा. टाकी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाइन रिकामी होते. मग रेग्युलेटर गरम असतानाच स्क्रू उघडायचा. काळपट, चिकट, घाण वासाचं तेल निघतं. गॅसमधून आणि होजच्या रबरातून येणारा हा जड माल. फार साठला की रेग्युलेटरमधल्या, मिक्सरकडे गॅस सोडणाऱ्या दुसऱ्या टप्प्याच्या व्हॉल्व्हला चिकटतो, मग तो नीट मिटत नाही, गाडी बंद केल्यावरही वास येत राहतो आणि गरम असताना परत चालू करायला त्रास होतो. निम्म्या वेळा एवढा ड्रेन काढूनच काम भागतं, कीट लागत नाही.

मिसिंग राहिलंच

पाण्याचा बंदोबस्त झाला, सकाळी दुसऱ्या सेल्फला गाडी पकडायला लागली. पण आयडलला ती लंगडी चाल तशीच. एका मिनिटात चार-पाच वेळा ठेच लागल्यासारखी.

गॅसच्या गाडीत मिसिंग झालं की सगळे गॅसकडे बघतात. माझं मत याच्या उलट आहे. आधी स्पार्क. एलपीजीला पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यात मिश्रण जरा पातळ असेल तर आणखी जास्त. पेट्रोलवर जी अर्धमेली केबल वर्षभर खपून जाते ती गॅसवर पहिल्या थंडीत उघडी पडते.

संध्याकाळी शेडचे दिवे घालवायला सांगितले, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. गॅसची गळती नाही याची साबणाच्या पाण्याने खात्री करूनच हे करायचं. तिसऱ्या प्लगच्या केबलवर, जिथे ती एका ब्रॅकेटला घासत होती, तिथे निळा दोरा नाचत होता. अंधारात डोळ्यांना दिसतं ते दिवसा मीटरलाही नेहमी सापडत नाही. तरी मीटरही लावला: चार केबलपैकी तिघींचा रेझिस्टन्स जवळपास सारखा, त्या तिसऱ्या प्लगच्या केबलचा कितीतरी पट. आकडा किती असावा यापेक्षा चौघींची आपसात तुलना जास्त बोलते. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली तर आतून एका टर्मिनलपासून दुसऱ्याकडे पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ, म्हणजे स्पार्क तिथूनही पळत होता. कॅप, रोटर, चारही केबल आणि प्लग बदलले. प्लगचा गॅप मॅन्युअलमध्ये असेल तोच ठेवायचा, या इंजिनाला ०.८ मिमी. "गॅसला मोठा गॅप लागतो" असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

अंबडच्या एमआयडीसीतल्या एका गाडीत हेच प्रकरण वेगळ्या वेषात आलं होतं. तिथे मिक्सरचा डायफ्राम दर दोन महिन्यांनी फाटायचा. डायफ्राम फाटला की ओढ जाते, गाडी पकडत नाही, नवा टाकला की चालू. तीन डायफ्राम झाल्यावर मालक म्हणाला, माल डुप्लिकेट येतोय. माल चांगलाच होता. दोन केबल एकमेकींना चिकटून गेल्या होत्या आणि एकीचा स्पार्क दुसरीत उडी मारायचा, चुकीच्या वेळी मिश्रण पेटायचं, मिक्सरमध्ये 'फट्' व्हायचं, आणि त्या फटक्याने डायफ्राम जायचा. ऑपरेटरला विचारलं, आवाज येतो का? "येतो की. फटाका वाजतो कधीकधी." हे त्याने इतक्या महिन्यांत कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

स्पार्क ठीक असूनही एक सिलिंडर मेलेला वाटत असेल तर एकेक केबल काढून, ती नीट अर्थ करून, चाल बघा. जी काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. मग कॉम्प्रेशन. गॅसवर खूप वर्षं चाललेल्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातात, टॅपेटचा गॅप उरत नाही. अशी गाडी गार असताना बरी चालते, तापली की आयडल बिघडतं. गॅप सेट करून सुधारली तर नशीब, नाहीतर हेड उतरवायचं. त्यावर लांबण लावत नाही, ते काम हेडवाल्याचं.

स्क्रूला हात कुणी लावला?

सगळ्यात शेवटी आयडल मिक्श्चरचा स्क्रू. शेवटी म्हणजे खरंच शेवटी. दुर्दैवाने लोक सुरुवात तिथून करतात, कारण तो समोर दिसतो आणि त्याला फक्त स्क्रू ड्रायव्हर लागतो. फिरवायचाच झाला तर आधी आत्ता कुठे आहे त्याची मार्करने खूण करा आणि आवळून बसेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा. कुठल्या बाजूला फिरवला की गॅस वाढतो हे मिक्सरप्रमाणे बदलतं, अंदाजाने जाऊ नका. आणि त्याआधी एअर फिल्टर झटका. फिल्टर तुंबला की मिक्सरची ओढ वाढते आणि गॅस जास्त येतो, मग स्क्रूवर कितीही कसरत करा.

या गाडीवर खूण नव्हती. सकाळी पकडत नाही म्हणून मामांनी फिरवला होता, त्यांच्या आधीच्या ऑपरेटरने फिरवला होता, आणि पहिल्या भेटीत मीही अर्धा फेरा दिला होता. कानाने सेट करायचा मला आता भरवसा नव्हता. पिंपळगावच्या एका ओळखीच्या पीयूसीवाल्याला त्याचं मशीन घेऊन बोलावलं. सायलेन्सरमध्ये नळी घातली, आयडलला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांच्या वर. महिनाभर आम्ही जिला गॅस पुरत नाही म्हणत होतो ती गाडी गॅस नुसता ढोसत होती. मिसिंग झाकायला प्रत्येकाने स्क्रू एकाच बाजूला फिरवलेला. पाव-पाव फेरा मागे घेत, दर वेळी मीटर स्थिरावू देत, आकडा एक टक्क्याच्या खाली आणला. आयडल इतकं सरळ झालं की मामा म्हणाले, चालू आहे की बंद?

मग त्यांनी मीटरकडे बोट दाखवून विचारलं, हा कसला आकडा. मी सांगितलं. या वायूला वास नसतो, रंग नसतो, बंद जागेत तो डोक्यात चढतो.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग शेडच्या आतल्या बाजूला, जिथे बायका रांगेने बसून द्राक्षांचे मणी कात्रीने साफ करतात, तिकडे बघून म्हणाले, "त्या रोज अकराच्या सुमाराला डोकं धरून बाहेर येऊन बसायच्या. आम्ही म्हणायचो, थंडीने होत असेल."

त्या दिवसापासून गाडी शटरच्या आत येत नाही. पॅलेट हँड ट्रकने दारापर्यंत आणतात आणि तिथून पुढे मामा उचलतात.